घागर ओतल्याशिवाय मजुरी नाही

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिस्तरीच्या डोक्यावर पाणी ओतणं.

मी शिडीवर निम्म्यात उभा. भरलेली घागर खालून वर द्यायची, एवढंच माझं काम. ती वर, मातीच्या माळवदावर, पदर कमरेला खोचलेला. मिस्तरी खाली माजघरात, खांबाजवळ, गळतीच्या बरोबर खाली मांडी घालून बसलेला. डोक्यावर टोपी नाही, टॉवेल नाही. ते तिनं आधीच काढायला लावलं होतं. टॉवेल असला की माणूस भिजतो आणि भिजलो नाही म्हणतो, असं तिचं म्हणणं.

"जरा पसरून ओत," मी म्हणालो. "एकाच जागी नको."

"तुमी घागर द्या," ती म्हणाली. "वरचं मला कळतं."

दिली घागर. तिनं ती छातीपर्यंत उचलली आणि एकाच जागी सगळी उपडी केली. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून मिस्तरीचा आवाज आला, "आलं, माय."

"किती?"

"आधी मानंवर थेंब पडले. आता धार लागायली."

"मंग मजुरी न्हाई," ती वरूनच म्हणाली. "हात धू आन् जेवाया बस. उंद्या सकाळी ये, पुन्यांदा कर."

हे विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. मिस्तरी जेवून गेला. मी जेवलो. ती जेवली, भांडी सारली, फरशीवरचं पाणी पुसलं, जरा पडते म्हणाली आणि खांबाजवळ आडवी झाली. ती उठलीच नाही. मी चहाला हाक मारायला गेलो तेव्हा गार पडली होती.

ह्याला आता लय वर्षं झाली. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं. मला तिची भांडणंच आठवतात. दुसरं काही आमच्या घरात चालूच नसायचं.

आमचं गाव चुडाव्याजवळ. मी रेल्वेत गँगमन. चौथीत शाळा सोडली आणि पुढं जन्मभर रूळ ठोकले. घर माळवदाचं. ज्यांनी तसलं घर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि माती, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार राहतं, झोप चांगली लागते. पण दर वर्षी पावसाच्या आधी वर नवी पांढरी माती टाकून ती चोपावी लागते. नाही टाकली तर गळतं. टाकली तरी कुठंतरी गळतंच. गावात सगळ्यांचं गळायचं. सगळे खाली परात ठेवायचे आणि झोपायचे. हिला ते जमायचं नाही.

कारागीर घरात आला की पहिल्यांदा हिची अट ऐकायची. सामान आमचं, मजुरी ठरलेली, पण ती हातात पडणार कामाची परीक्षा झाल्यावर. आणि परीक्षा ती घेणार. पास झालास तर तिथल्या तिथं मजुरी, वर एखादं पायलीभर धान्य, आणि गावभर तुझं नाव. नापास झालास तर पैसा नाही. जेवण मात्र पास-नापास दोघांनाही. मी एकदा म्हणालो, पैसे देत नाहीस तर जेवायला तरी कशाला घालतेस, लोक वेड्यात काढतात. तर म्हणाली, "जेवण पोटाचं असतंय, मजुरी कामाची. त्याच्या पोटानं माझं काय वाकडं केलं?"

आता अशा बाईबरोबर काय बोलायचं.

कारागीर म्हणायचा, "झालं बगा काम." ती म्हणायची, "झालं का न्हाई ते काम सांगंल. तू गप बस." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कधीकधी रुळावर हातोडा मारतानाही कानात यायचं.

सुताराचं सांगतो. आमचं पुढचं दार पावसाळ्यात फुगायचं आणि उंबऱ्याला घासायचं. सुतार आला, रंधा मारला, बिजागरी बदलली, दार उघडून-झाकून दाखवलं. बोटानं ढकललं तरी हलायचं. मी खूश झालो. ही शेजारी गेली, त्यांचं रांगतं लेकरू उचलून आणलं आणि सुताराच्या कडेवर दिलं. दुसऱ्या हातात भरलेली कळशी दिली.

"उघड आता दार."

"माय, हे काय करायलाव?"

"मी रोज असंच उघडते. तू बोटानं उघडलंस. मला बोट रिकामं कुठं असतंय?"

सुतारानं दाराला खांदा लावला. दार अर्धं उघडलं आणि अडकलं. कळशी हिंदकळली, लेकरू घाबरलं आणि सुताराच्या सदऱ्यावर मुतलं. मी हसलो तर हिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुमान विडी काढून गोठ्यात गेलो. सुतारानं दार पुन्हा उतरवलं. दिवस कलला तेव्हा कडेवरच्या लेकरासकट दार उघडलं. त्या दिवशी त्याला मजुरी मिळाली आणि ज्वारीबी मिळाली. जाताना मला म्हणतो, "काका, बायको हाय का इंजिनेर?"

पण जात्याला टाकी लावणाऱ्याचं प्रकरण वेगळं. तो वर्षातून एकदा यायचा. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं ठोकून खरखरीत करून द्यायचा. आता दगड ताजा ठोकला की पहिल्या पिठात दगडाची कच येणारच. ते पीठ जनावरापुढं टाकतात, हे लहान लेकराला ठाऊक. हिनं काय केलं, त्याच पहिल्या पिठाची भाकरी केली आणि त्याच्यापुढं ठेवली. तो एक घास चावतो, थांबतो, तोंडात कर्रकर्र वाजायलंय.

"माय, पहिलं पीठ जनावराचं असतंय."

"माझ्या घरी पहिलं पीठ माणूस खातो."

"कच तर येणारच की."

"मंग मजुरीबी पुढच्या वेळंला येणारच."

त्याला दुसऱ्या पिठाची भाकरी घातली, कोरड्यास घातलं, ताक घातलं. पैसा दिला नाही. पुढच्या वर्षी तो आला, जातं ठोकलं, आणि पिशवीतून आपली मूठभर ज्वारी काढून आधी ती दळली, ती उकिरड्यावर टाकली, आणि मग म्हणाला, "आता दळा तुमचं." तिनं दळलं. भाकरी केली, त्याला दिली, मजुरी दिली. तो गेल्यावर मला म्हणते, "शिकला." जणू शाळाच काढली होती.

मलासुद्धा सोडलं नाही. एकदा सुट्टीत मी खाटेची सुतळी नव्यानं विणली. हात सोलले. म्हटलं, आता तरी चहा चांगला मिळंल. तिनं मला खाटेवर झोपवलं आणि पोटावर ज्वारीचं पोतं ठेवलं. का, तर पाहुणे आले की खाटेवर दोघं-दोघं बसतात. मधली सुतळी ढिली पडली, मी जमिनीला टेकलो. त्या दिवशीचा चहा बिनदुधाचा.

मी चिडून म्हणालो, "आमी रूळ बसवतो, आमचा साहेब असं करत न्हाई."

"मंग तुमची मजुरी कशावर देतेत?"

"महिन्याला. गाडी जावो न जावो."

"म्हणून तर गाड्या लेट असत्यात," ती म्हणाली.

चुडाव्याच्या ठेसनाबाहेर हॉटेलात बसलो की गवंडी-सुतार मला बघून चहा घाईनं संपवायचे. एखाद्याला म्हटलं, ये रे उद्या, पन्हाळ बसवायचीय, तर तो आधी विचारायचा, "काका, तुमी सांगायलाव का माय सांगायल्या?" मी सांगायलो म्हटलं तरी खोटंच. कारण परीक्षा मी कधी घेतली नाही. मी फक्त घागर वर द्यायचो.

ह्या सगळ्यांत टिकला तो एकच, आमचा मिस्तरी. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं त्यांची वस्ती. माणूस बारका, हात मोठे. आमच्या माळवदाचं काम वर्षानुवर्षं त्यानंच केलं. आणि वर्षानुवर्षं त्याचं आणि हिचं एकच भांडण.

"माय, पाऊस घागरीनं एका जागी पडत न्हाई," तो म्हणायचा. "पाऊस पसरून पडतो. मातीचं छत हाय. एका जागी एवढं पाणी ओतलं की तिथं खड्डा पडतो. खड्डा पडला की गळतंय. पावसानं न्हाई गळत, तुमच्या परीक्षेनं गळतंय."

"माझ्या घरावर पाऊस कसा पडावा ते तू सांगू नको."

त्याचं बरोबर होतं. मी वर चढून बघितलं होतं. जिथं ती दर वर्षी घागर ओतायची, तिथं थाळीएवढा खोलगट भाग झाला होता. तो बुजवायचा, ती ओतायची, पुन्हा खोलगट. मी तिला सांगितलं तर चार दिवस अबोला. ज्या वर्षी मिस्तरी तिथं थर जास्त द्यायचा आणि चोपून चोपून दगड करायचा, त्या वर्षी नाही गळायचं. मग मजुरी, वर धान्य, आणि ती गावात सांगत फिरायची, मिस्तरीनं माळवद कसं केलंय या बघायला. त्यामुळं त्याला चांगली कामं मिळायची. लोक म्हणायचे, ह्या बाईकडं पास झालाय म्हणजे आपल्याकडं काय, डोळे झाकून होईल. पण बहुतेक वर्षी तो नापास व्हायचा, भिजायचा, जेवायचा आणि शिव्या घालत जायचा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर. मी एकदा विचारलं, कामून येतोस रे बाबा. तर म्हणाला, "दुसऱ्याकडं पैसे मिळतेत. इथं कळतंय, काम झालं का न्हाई ते."

नामांतराची पहिली दंगल झाली ते वर्ष. पावसाळा चालू होता आणि माळवदाचं काम अर्धं राहिलं होतं. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण आजूबाजूच्या बातम्या येत होत्या आणि गावातलं बोलणं आटलं होतं. वस्तीतली माणसं ओढा ओलांडून इकडं येईनात. मिस्तरीही येईना. आमच्या माजघरात तीन परातींत पाणी वाजत होतं. शहाण्या माणसांनी मला सांगितलं, आता काही दिवस त्यांना बोलवू नका. मी घरी येऊन तेच सांगितलं. तिनं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि निघाली. मी मागं मागं.

त्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "मिस्तरी, तुझं काम गळायलंय."

तो बाहेर आला. त्याची बायको मागं दाराला धरून उभी. तो म्हणाला, "माय, दिवस कसले चाललेत. गावात येऊ का नको, कळंना."

"गावात यायला कोण सांगायलंय. माझ्या माळवदावर ये."

तो आला. भुरभुर पावसात वर ताडपत्री धरून काम केलं. काम झाल्यावर हिनं त्याला नेहमीसारखं माजघरात खांबाजवळ बसवलं. ओसरीवर बसलेल्या माझ्या थोरल्या भावाला ते पटलं नाही. तो म्हणाला, निदान ह्या दिवसांत तरी आत घेऊ नको, लोक बघायलेत. ती म्हणाली, "गळती माजघरात हाय भावजी. तो अंगणात बसून कसा भिजंल?" भाऊ तोंड फिरवून बसला.

घागर ओतली. गळालं.

मला वाटलं, आज तरी देईल. सगळ्यांनाच वाटलं. दिवस तसे होते. तिनं खाली येऊन त्याचा भिजलेला खांदा बघितला आणि म्हणाली, "मजुरी न्हाई." तो चिडला. पाऊस घागरीनं पडत नाही म्हणाला. तिनं आवाज चढवला. दोघांची अशी जुंपली की शेजारी गोळा झाले. मग तो जेवायला बसला. मान खाली घालून जेवत होता आणि हसत होता.

नंतर कधीतरी तो मला ठेसनावर म्हणाला, "काका, त्या दिवसांत जो भेटंल तो माझ्याशी नीट बोलायचा. लय नीट. त्याचीच भीती वाटायची. माय भांडली तवा जिवात जीव आला."

तर असं. ती गेली तेव्हा दुपार झाली होती. लेक जिंतूरला दिलेली. निरोप गेला, ती येष्टीनं संध्याकाळी पोचली आणि दिवस बुडायच्या आत सगळं आटोपलं. मिस्तरी मसणवाट्यात लांब उभा होता. माझ्याजवळ आला नाही. मीही गेलो नाही.

घरी आल्यावर ती जिथं गेली त्या जागेवर, खांबाजवळ, दिवा लावून ठेवला. आमच्याकडं तशी रीत आहे. दिवा विझू द्यायचा नाही. मग माणसं ओसरीवर बसली आणि बोलणं निघालं. कुणाचं काय द्यायचं-घ्यायचं राहिलंय का. मेलेल्या माणसाच्या मागं कुणाचं देणं ठेवू नये. शेजारीण म्हणाली, सकाळीच मिस्तरीशी भांडल्या, त्याची मजुरी राहिली. थोरला भाऊ म्हणाला, "सकाळी देऊन टाक. नसता दहाव्याला कावळा शिवायचा न्हाई."

"दिली तर शिवायचा न्हाई," मी म्हणालो.

"असं काय बोलायलास?"

"तुमी तिला वळखत न्हाई का?"

लेक रडून रडून बसलेली. ती म्हणाली, "बाबा, देऊन टाका हो. आईचा जीव अडकंल."

मी दिव्यात तेल घातलं. पण डोक्यात तेच घोळत होतं. मिस्तरीनं सकाळपासून उन्हात माती चोपली होती, हे खरं. परीक्षाच चुकीची होती, हेही खरं. तो गरीब माणूस, त्याला दिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. उलट चांगला म्हणाले असते. आणि तिचं शेवटचं बोलणं काय, तर मजुरी न्हाई. मग तिचं खरं का त्याचं खरं. मी जन्मभर शिडीच्या निम्म्यात उभा होतो, मला कधी हे ठरवावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडं फुटायला मिस्तरी आला. डोक्यावर पांढऱ्या मातीचं टोपलं, हातात चोपणं. ओसरीवरच्या माणसांकडं बघितलं नाही. मला म्हणाला, "उंद्या सकाळी ये म्हणल्या व्हत्या."

भाऊ म्हणाला, "अरे, सुतकाचं घर हाय. आज काम असतंय व्हय? तुझे पैसे देतो, घे आन् जा." त्यानं खिशात हात घातला.

मिस्तरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "चढ वर."

तो चढला. खोलगट भाग खरवडला, माती भरली, थोडं पाणी शिंपडलं, चोपली. त्या ठोक्यांचा आवाज माजघरात येत होता आणि मी दिव्याजवळ बसून ऐकत होतो. ऊन वर आलं, उन्हाळ्याची माती, बघता बघता वाळली. तो खाली उतरला आणि अंगणात उभा राहिला. मजुरी मागितली नाही, गेलाही नाही.

मी म्हणालो, "आत बस."

तो आत गेला. टॉवेल काढून खुंटीला लावला आणि खांबाजवळ आपल्या जागेवर मांडी घालून बसला. दिवा त्याच्या गुडघ्यापुढं. मी शिडी चढलो. निम्म्यात थांबायची सवय, तिथं पाय थांबलेच. मग वर गेलो. खाली बघितलं तर घागर आडाजवळ रिकामीच पडलेली. ती आता भरून कोण देणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लेक उठली. भाऊ तिला म्हणाला, बस, बापाचं डोकं फिरलंय. तिनं ऐकलं नाही. घागर भरली, शिडीवर निम्म्यात येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी वर दिली.

घागर हातात घेऊन मी त्या जागी उभा राहिलो. माती चांगली बसवली होती, नखानं दाबली तरी दबत नव्हती. पसरून ओतली असती तर थेंब आला नसता. ते मला ठाऊक होतं, खाली बसलेल्या मिस्तरीलाही ठाऊक होतं. मी घागर छातीपर्यंत उचलली आणि एकाच जागी सगळी उपडी केली.

थोडा वेळ काहीच नाही. मी विचारलं, "आलं का?"

तो बोलला नाही. मी उतरून आत गेलो. मिस्तरी वाकून बसला होता, दोन्ही हातांची ओंजळ पालथी करून दिव्यावर धरलेली. वरून थेंब त्याच्या हातांवर पडत होते आणि मनगटावरून त्याच्याच मांडीवर ओघळत होते. खाली दिवा नीट जळत होता.

"गळायलंय, काका," तो म्हणाला.

"हां."

"एका जागीच ओतलं का?"

"एका जागीच."

"मंग बरोबर हाय."

थेंब थांबेपर्यंत त्यानं हात काढले नाहीत. मी त्याला मजुरी दिली नाही. भाऊ मागं उभा होता, त्याच्या हातातली नोट मी त्याच्या खिशात परत घातली. आमच्या चुलीला त्या दिवशी विस्तव नव्हता. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, तिला कालपासून कुणी हात लावला नव्हता. मी दोन ताटं केली.

"हात धू," मी म्हणालो, "आन् जेवाया बस."

तो बसला. मग मीबी बसलो.